आमच्या विहिरीचं पाणी मुंबईला गेलं

सासूबाईंना आपल्या विहिरीविषयी कुणी काही बोललेलं खपत नसे. मुलाविषयी बोला, सुनेविषयी तर जरूर बोला, त्या स्वतःच भर घालतील. पण विहिरीला नाव ठेवलंत, तर तुमचं त्या घरचं चहापाणी बंद.

मी लग्न होऊन थळजवळच्या त्या गावात आले, तेव्हा विहिरीमागच्या उंचवट्यावर आगबोटींच्या कोळशाची वखार नुकतीच सुरू झाली होती. मचव्यांतून कोळसा उतरायचा आणि उघड्यावरच त्याचा ढीग लागायचा. एक पावसाळा त्या ढिगावरून गेला आणि पाणी बिघडलं. डाळ शिजेना, चहाला लोखंडाची चव यायला लागली. आळीतल्या बायका रात्री पांढऱ्या वाडग्यात विहिरीचं पाणी झाकून ठेवत आणि सकाळी तळाशी किती काळं बसलं ते एकमेकींना दाखवत. कुणाचा वाडगा जास्त काळा, यावरून चक्क भांडणं होत. आमचा वाडगा मात्र कुणी यायच्या आत घासून पालथा पडलेला असे. बाकीच्या घरांत पिण्याचं पाणी डोंगराखालच्या विहिरीवरून यायला लागलं, पण सासूबाई मला तिकडं जाऊ देत नसत. घरात सगळ्यांची पोटं बिघडली तेव्हा त्या म्हणाल्या, "मासली शिळी व्हती."

आमच्या ह्यांनी गावाच्या वतीनं सरकारकडं अर्ज केला, की कोळसा दुसरीकडं हलवा. आधी पाणी तपासू, असं उत्तर आलं आणि एक दिवस मुंबईहून तपासनीस साहेब रिकामी बाटली घेऊन हजर झाले. खरं तर ती त्यांनी स्वतःच्या हातानं भरायची. पण आधी जेवण झालं, जेवणात सुरमईचं कालवण होतं आणि जेवणानंतर ओटीवर सतरंजी होती. "बाटली तेवढी भरून ठेवा," म्हणत साहेब आडवे झाले. हे परतीची लाँच थोपवून धरायला बंदरावर गेले होते.

सासूबाई बाटली घेऊन स्वयंपाकघरात आल्या. "गो, आपलं पानी मुंबयला चाललंय. मोठमोठे सायब बघतील. त्याला असंच आंगावरच्या कापडानिशी धाडू व्हय?"

"आई, पाणी वाईट निघालं तरच कोळसा हलणार आहे," मी म्हटलं.

"वाईट? आपलं पानी?"

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी मुकाट्यानं कळशी आणायला गेले.

पाण्यात तुरटी फिरवली. धुतलेल्या पातळाच्या घडीतून ते गाळलं. मग त्यात वाळा घातला. शेवटी सासूबाईंनी डब्यातून चिमूटभर साखर काढली.

"आता साखर कशाला?"

"वाट लांबची हाय."

साहेब उठले, त्यांनी बाटली उन्हात धरून पाहिली, "वा!" म्हणाले आणि जांभई देत बुचावर लाखेचा शिक्का मारला.

निकालाचा कागद आला तेव्हा सगळी आळी आमच्या ओटीवर जमली होती. हे वाचायला लागले. "सदर पाणी अत्यंत निर्मळ, सुगंधी व किंचित मधुर आहे."

"पुन्ना वाच," सासूबाई म्हणाल्या.

ह्यांनी पुन्हा वाचलं. 'सुगंधी'वर अडखळले, कागद उलटा करून पाहिला, मग माझ्याकडं पाहिलं. मी पदर तोंडात कोंबला होता. बायका आमच्या विहिरीकडं माना वळवून बघत होत्या.

"कोळशापासून पाण्यास अपाय आढळत नाही. सबब वखार आहे तेथेच राहील."

सासूबाईंचा चेहरा आधी फुललेला होता, तो हळूहळू उतरला. त्या उठल्या, आत गेल्या आणि डोक्यावर हंडा घेऊन बाहेर आल्या. सगळ्यांच्या देखत पायऱ्या उतरून डोंगराच्या वाटेला लागल्या.

"कुठं निघालीस गो?" शेजारणीनं विचारलं.

"पानी आणाया."

"आन् घरची हीर?"

"येवरं चांगलं पानी रोज प्याचं नसतंय," सासूबाई म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. मला त्यांच्याविषयी फार माया वाटली, त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच. मी दुसरा हंडा उचलला आणि त्यांच्या मागून निघाले.