लाल दोरा आणि एक कडी

मल्लण्णा गेले ही बातमी मला भवानी पेठेत, न्हाव्याच्या खुर्चीत कळली. अर्धी दाढी झालेली, उरलेल्या गालाला साबण. मी तसाच उठून रस्त्यावर आलो. बघणाऱ्यांना वाटलं असेल, केवढं हे दुःख! खरं सांगतो, दुःख संध्याकाळी आलं. आधी आली ती भीती... माझ्या कादंबरीचं बाड त्यांच्याकडे होतं.

मल्लण्णांनी तीन कादंबऱ्या लिहिल्या आणि आयुष्यभर मिलमध्ये कापड तपासलं. दोष दिसला की ते काठाला लाल दोरा बांधत. वाचायला आलेल्या हस्तलिखितालाही तोच न्याय. खोटं वाक्य आलं की पानाच्या कडेला सुईनं दोरा ओवायचा. शेरा नाही की खुलासा नाही. "कापडाला मी कधी कारण सांगतो का?" एका नामवंतांचं बाड त्यांच्याकडून परत गेलं ते पोळ्याच्या बैलासारखं, अंगभर गोंडे लेवून. "पुस्तकावर 'अस्सल' असं छापलेलं दिसलं की ओळखावं," ते म्हणत, "लेखकानं गाव एस.टी.च्या खिडकीतून बघितलंय. खोटं बोलणारा परवडला, त्याला खरं काय ते ठाऊक तरी असतं."

सत्तरनंतरच्या एका बंदच्या दिवशी पेठेत दगडफेक झाली. माझ्या कादंबरीत त्या दिवशी नायक छाती काढून जमावापुढे उभा राहतो. हे प्रकरण मी वाचनालयात साभिनय वाचलं. हातवारे, आवाजाचे चढउतार, एक टाळीही घेतली! तेवढ्यात मागून आमचा विणकर मित्र नरसय्या ओरडला, "मास्तर, तवा तुमी तर माज्या मागाच्या खड्ड्यात बसला होता की!" सभा हसून लोळली. मीही हसलो, सर्वांत मोठ्यानं.

मल्लण्णा तेवढे हसले नाहीत. परतताना म्हणाले, "काय राजाधिराज, लई भ्याला होतास?"

"हो."

"मग तेच लिही की. पुस्तकात शूर माणसं लई झाली. खड्ड्यात बसलेला कुणी भेटत नाही बघ."

मी लिहिलं. नरसय्याला ठाऊक नसलेलंही त्यात उतरलं. तो बाहेर काय चाललंय ते बघायला गेला आणि मी आतून कडी लावली. थोड्या वेळानं तो दार बडवू लागला, "मास्तर, मी हाय, उघडा!" विणणाऱ्यानं पाय सोडून बसायच्या त्या खड्ड्यात मी अंग चोरून बसलो होतो. आवाज ओळखला होता. उठलो नाही. मग बाहेर दगड लागल्याचा आवाज आला... तेव्हा उठलो. त्याच्या कपाळावर चार टाके पडले. कडी अडकली होती, असं मी सांगितलं. डोक्याला पट्टी बांधलेला तो मलाच समजावत होता, "जाऊ द्या मास्तर, कडी जुनीच हाय."

एवढं लिहून मी बाड मल्लण्णांकडे दिलं, आणि आठवड्यात ते गेले.

पंधरा दिवसांनी मल्लण्णांच्या घरी वैनींनी ते माझ्या हाती ठेवलं. "शेवटच्या दिवशी भाकरी खाताना हेच वाचत होते बघा." तीन दिवस मी पुडकं सोडलं नाही. सोडलं, तर आधीच्या पानांना दोरेच दोरे, माझ्या अभिनयाची वरातच म्हणा ना. कडीच्या पानाला मात्र एकही नाही. समासात शेंगाचटणीच्या तेलाचा अंगठा, लख्ख. पुढची पानं करकरीत, हात न लागलेली. ते तिथंच थांबले होते.

मल्लण्णांना पटलं, म्हणजे आता ते ज्याचं आहे त्याला द्यायला हवं. तोंडानं सांगायचं धाडस माझ्यात नाही. नरसय्याला वाचता येत नाही, पण दर रविवारी तो मुलीकडून वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचून घेतो, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत.

आज मी दिवसभर घरीच आहे. दाराची कडी काढून ठेवली आहे...