रूपालीच्या डिस्कमधले अण्णा

गेल्या आठवड्यात पिंपळगाव बसवंतहून आरतीचा फोन आला. तिच्या लग्नाचे फोटो मी आणि रूपालीने मिळून काढले होते... तेव्हा आम्ही दोघी एकत्र काम करायचो. आरतीचे वडील, अण्णा, नुकतेच गेले आणि तिच्या आईला भिंतीवर लावायला त्यांचा हसरा फोटो हवा होता.

"ताई, घरातल्या सगळ्या फोटोंत अण्णा आधार कार्डावर असल्यासारखे बघतायत," आरती म्हणाली. "आई म्हणते, हे ते नव्हेतच."

मी माझं फोल्डर उघडलं. अल्बमसाठी निवडलेले तेवढेच जेपीजी फोटो... आणि प्रत्येकात अण्णा स्टेजवर ताठ उभे. रॉ फाइल्स, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेलं सगळंच्या सगळं, त्या मी कधीच उडवल्या होत्या. एकेक फाइल इतकी जड असते की हार्ड डिस्क बघता बघता भरतात. आमच्या धंद्यात बहुतेक जण हेच करतात.

रूपाली करत नाही. त्यामुळे तिच्याकडे जाणं आलं... आणि तेच मला नको होतं.

खरं सांगते, रूपालीचं काही चांगलं झालं की माझ्या पोटात दुखतं. आम्ही वेगळ्या झालो आणि तिने गंगापूर रोडला स्टुडिओ टाकला, मी अजून द्वारका चौकाजवळ घरातल्याच एका खोलीतून काम करते. तिच्या फोटोंना मी लाइक देते, पण दातओठ खाऊन. त्यात ती कधी मिरवत नाही... मिरवली असती तर निदान नावं तरी ठेवता आली असती.

शेवटी तिच्या स्टुडिओत गेले. तिने पाच मिनिटांत आरतीचं लग्न काढून समोर ठेवलं. सगळ्या रॉ, एकही न गाळता.

"एवढं ठेवतेस कुठे?" मी विचारलं.

"अगं, लॉसलेस कॉम्प्रेस करते. फाइल जवळजवळ निम्मी होते आणि उघडली की होती तशीच्या तशी. एक कणसुद्धा इकडचा तिकडे होत नाही." मग म्हणाली, "साडीची नीट घडी घातली तर ती कपाटात कमी जागा घेते, पण साडी तीच राहते ना? जेपीजी म्हणजे साडी कापून ठेवणं."

हे मला माहीत नव्हतं असं नाही... करायचा कंटाळा होता. पण तिच्या तोंडून ऐकताना कान तापले.

मग तो फोटो आला. मांडवाच्या कडेला कुणाशी तरी बोलणारे अण्णा, पाठीमागून ऊन, चेहरा पार काळा. अल्बमला कुणीही घेतला नसता. रूपालीने अंधारातला भाग हळूहळू उजळत नेला... आणि त्या काळोखातून अण्णा हसत बाहेर आले. डोळे बारीक झालेले, एक दात किंचित पुढे, फेटा कलता.

माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? हा क्षण हिला दिसला, मला कसा नाही दिसला. आरतीच्या आईचा विचार नंतर आला.

रविवारी फ्रेम घेऊन दोघी पिंपळगावला गेलो. आरतीच्या आईने, काकूंनी, फ्रेम मांडीवर घेतली, पदराने काच पुसली.

"हेच हायेत ते," त्या म्हणाल्या. "समोरच्याची फिरकी घेताना असंच हसायचे. कोणी काढला गं हा?"

मी खाली बघत बसले. आता रूपालीचं कौतुक ऐकायचं, एवढीच तयारी केली होती.

"हिने काढलाय काकू," रूपाली म्हणाली. "मी तेव्हा स्टेजवर होते. हा हिच्या कॅमेऱ्यातला आहे."

काकूंनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही.

परतताना गाडीत रूपालीला विचारलं, माझा फोटो तुझ्याकडे कसा. लग्नात दोघींच्या कॅमेऱ्यांची मेमरी कार्डं ती एकाच डिस्कवर उतरवायची, तेव्हापासून माझ्याही फाइल्स तिच्याकडे होत्या. स्वतःच्या कॉम्प्रेस करताना तिने माझ्याही केल्या होत्या, इतकंच. "मला वाटलं तू स्टुडिओतच ओळखलास," ती म्हणाली आणि गाडी चालवत राहिली.

माझं जळणं कमी झालंय असं म्हणणार नाही... उलट जरा वाढलंच. आधी तिच्या स्टुडिओवर जळत होते, आता तिच्या स्वभावावर जळते. तिच्या जागी मी असते तर काकूंना खरं नाव सांगितलं असतं का... अजून उत्तर मिळालेलं नाही. पण रूपाली, तू सांगितलंस. थँक यू गं, मनापासून.