काकूच्या वांग्याखालची पिशवी

अन्याय झाला तो माझ्या काकूवर. चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी साडेपाच वाजता, सुरतेच्या गोडादऱ्यात, आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर सगळे म्हणायला लागले की एवढं काही झालंच नव्हतं.

काकू चातुर्मासात वांग्याला हात लावत नाही. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा, मगच घरात वांगं शिजतं. आणि भरीत कुठल्याही वांग्याचं चालत नाही. आमच्या जळगावकडची फिकट हिरवी, पांढऱ्या रेघांची, मुठीत न मावणारी वांगी लागतात. सुरतेच्या जांभळ्या वांग्याला काकू वांगं म्हणतच नाही, 'भाजी' म्हणते. म्हणून माहेरून आणलेलं बी ती दरवर्षी गच्चीवरच्या ड्रमांत लावते आणि त्यातलंच पुढच्या वर्षासाठी धरते.

ड्रमात खत पडायचं ते बिल्डिंगच्या ओल्या कचऱ्याचं. प्रत्येकाने सालं-देठं बादलीतून आणून ओतायची, वर सुका पाला आणि माती टाकायची, संपलं. मग यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास बिल्डिंगच्या प्रमुखांनी कामरेजच्या एका दुकानातून हिरव्या पिशव्यांचे गठ्ठे आणले. पिशवीवर मोठं हिरवं पान, आणि पानाखाली 'मातीतून आलेली, मातीत जाणारी'. प्रमुखांनी सगळ्यांना जिन्यात जमवलं.

"आजपासून बादली बंद. कचरा या पिशवीत, आणि पिशवीसकट ड्रममध्ये. पिशवी मक्याची आहे, आपोआप खत होते. आणि प्रत्येकाने पिशवीवर घर नंबर लिहायचा. कोणी काय टाकलं ते मला कळलं पाहिजे."

मी विचारलं, "काका, किती दिवसांत खत होते?"

"तू तुझी ती कचऱ्यावरची पत्रकं वाट. हे टेक्निकल आहे."

पिशव्यांवर सगळ्यात खूश काकूच होती, हेही लिहिलं पाहिजे. हात घाण होत नव्हते. शिवाय आमच्याकडे घरटी एक माणूस तरी कापड मार्केटात साड्यांच्या पॅकिंगला आहे. या लोकांना पिशवीचं तोंड नुसतं मुडपणं जमत नाही. ते गाठ मारतात, आणि तीही अशी की माल ट्रकमध्ये हादरे खात पाटण्याला पोचला तरी सुटू नये. भेंडीची देठं अशा बंदोबस्तात ड्रमात जाऊ लागली. ड्रम कसले, ट्रान्सपोर्टचं गोडाऊनच झालं ते. त्यावर माती पडली, आणि श्रावणात काकूने रोपं लावली.

रोपं वाढली, पण मरगळलेली. वांगी लिंबाएवढी होऊन थांबली. तरी नैवेद्यापुरती निघतील म्हणून काकू त्या संध्याकाळी टोपली घेऊन वर गेली, मागे मी. तिने एका झाडाला जरासं हलवलं, तर झाड मुळासकट हातात आलं आणि मुळांसोबत पिशवी. मुळांना आत शिरायला वाट मिळाली नव्हती, ती पिशवीला वेढे घालत बसली होती. खाली पाणी साचून ती काळी, कुजलेली. पिशवी मात्र ताजी. सगळ्या गच्चीवर तेवढं एकच पान टवटवीत होतं, छापलेलं.

काकूने पिशवीवरची माती अंगठ्याने पुसली. मग म्हणाली, "माय, हाई थैली मरनीच नही." आणि रिकामी टोपली खाली ठेवत, "देवले आते काय दाखाडू?"

आम्ही ड्रम उपसायला घेतले. बिल्डिंग गोळा झाली. एक पिशवी काकूला काही केल्या सुटेना. तिने नंबरावरची माती पुसून पाहिली, तर तिचीच. "माझी गाठ, मग कशी सुटणार," ती म्हणाली, आणि त्या अवस्थेतही तिला जरा बरं वाटलेलं मला दिसलं. प्रमुख सपत्नीक वर आले तेव्हा त्यांच्या नंबराची पिशवी माझ्या हातात होती. कात्रीने कापली. आत आंब्याच्या कोयी, नीट चोखलेल्या, एकावर एक.

प्रमुखांना डायबेटिस आहे. आंबा बंद आहे, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगतात.

त्यांची बायको म्हणाली, "आपल्याकडे तर आंबा येतच नाही ना?"

"कोणीतरी माझा नंबर टाकलाय."

"अक्षरही तुमचंच टाकलंय."

लोक हसले आणि खाली गेले. काकू हसली नाही. दुसऱ्या दिवशी बाजारातल्या जांभळ्या वांग्यांचं भरीत झालं. नैवेद्य दाखवताना ती खंडोबाला म्हणाली, यंदा भाजी समजून घे.

मला ते सहन झालं नाही. त्याच आठवड्यात काकूला घेऊन मी कामरेजच्या त्या दुकानात गेले. काकूने मुळांतली पिशवी धुऊन, वाळवून, घडी घालून आणली होती. तिने ती काउंटरवर ठेवली. सेठने बोटांनी चाचपली. "बेन, माल तो मजबूत छे. नवी ज लागे छे." म्हणजे नवीच वाटते.

"आखाजीपासून मातीत होती," मी म्हणाले.

सेठ शेजारच्या गिऱ्हाइकाकडे वळला. "जुओ, क्वालिटी." मग त्याने आम्हाला विचारलं, ही पिशवी नमुना म्हणून दुकानात ठेवली तर चालेल का.

मी त्याला पिशवीच्या तळाची मुंगीएवढी ओळ वाचायला लावली. त्याने चष्मा काढला, पुसला, घातला. 'केवळ औद्योगिक खतप्रकल्पासाठी.'

"मग गच्चीवर कशी होईल?" तो मलाच विचारू लागला.

"आणि वर मोठ्या अक्षरांत काय लिहिलंय?"

"ए तो डिझाइन छे."

पिशवी मक्यापासून बनते हे खोटं नाही. जिथे खताचा मोठा ढीग आठवडेच्या आठवडे कढत राहतो आणि त्याला हवा-पाणी दिलं जातं, तिथे तिची माती होते हेही खोटं नाही. पण आमच्या गच्चीवर तसा ढीग नाही. ड्रम आहेत, थोडी गांडुळं आहेत आणि काकू आहे. गांडूळ सालं खातं, हवा मिळत असेल तर. पॅकिंगची गाठ ते सोडवत नाही. जे तिथे होणार नाही ते होईल असं सांगून विकणं याला मी फसवणूक म्हणते. सेठ डिझाइन म्हणतो.

यंदा झाडावर बियांसाठी एकही वांगं पिकलं नाही. जुन्यातलं चिमूटभर बी काकूच्या डबीत उरलंय, बस. ते गेलं की ते वांगं आमच्या घरातून गेलं, कारण माहेरी आता कोणी ते लावत नाही. ड्रम साफ झाल्याशिवाय ती डबी उघडणार नाही. आणि प्रमुख म्हणतात, जिन्याखाली दोन गठ्ठे शिल्लक आहेत, ते संपले की बादली पुन्हा सुरू करू.

तेव्हा तुम्ही, हे वाचणारे. आमच्या बिल्डिंगमध्ये राहत असाल तर उद्या सकाळी कचरा हाताने ड्रमात ओता आणि पिशवी आपल्या घरी परत न्या. दुसरीकडे राहत असाल तर आत्ता उठा, स्वयंपाकघरातली पान छापलेली पिशवी काढा, तळाची ओळ वाचा, आणि ज्याने विकली त्याला जाऊन विचारा, ही माझ्या कुंडीत किती दिवसांत माती होईल. तो आकडा लिहून देत नसेल तर पिशवी त्याच्याच काउंटरवर ठेवून या.