जाऊबाईंची दुसरी इयत्ता

एकाही प्रश्नाला सरळ उत्तर न देता माणूस अख्खं आयुष्य सुखानं काढू शकतो, हे आमच्या मोठ्या जाऊबाईंनी गारखेड्यात राहून सिद्ध केलं आहे. त्या गणिताच्या शिक्षिका. उत्तर सांगितलं की मूल आळशी होतं, अशी त्यांची श्रद्धा, आणि मूल या शब्दात त्या सर्वांनाच धरतात. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पहिल्याच सकाळी विचारलं, "ताई, साखर कुठं आहे?" तर म्हणाल्या, "तू हे स्वयंपाकघर लावलं असतंस तर कुठं ठेवली असतीस?" साखर सापडेपर्यंत दूध उतू गेलं. माझे थोरले दीर चष्मा हरवला तरी त्यांना विचारत नाहीत, चाचपडत शोधतात. त्यात वेळ कमी जातो.

नळाला आठ-आठ दिवस पाणी नसायचं त्या वर्षांत कोपऱ्यावर टँकर यायचा. त्यातल्या एका ड्रायव्हरनं एकदा चूक केली. "मॅडम, टाकी में कितना जाएगा?" असं त्यानं विचारलं. जाऊबाईंनी त्याला टाकीची लांबी, रुंदी, खोली सांगितली आणि उत्तराची वाट बघत उभ्या राहिल्या. रांगेतल्या बायका हंडे घेऊन ओरडायला लागल्या. "अरे मॅडम, पाइप पकडो, पानी जा रा ना!" तो कळवळून म्हणाला. पाइप जाऊबाईंनी धरला, पण ड्रायव्हर काही प्रगती करेल असं त्यांना वाटेना.

त्या निवृत्त झाल्या आणि वर्षभरातच शाळेत टॅब आले. मुलाला गणित कुठं अडतंय हे त्या टॅबमधल्या शिकवणीला आपोआप समजायचं. बरोबर आलं की ती पुढं न्यायची, चुकलं की एक पायरी मागं. मुलांजवळ बसायला कुणीतरी हवं होतं. मुख्याध्यापिका जाऊबाईंचीच जुनी विद्यार्थिनी, त्यामुळं तिनं त्यांना विचारलं नाही, नुसतं कळवलं. पहिल्या दिवशी त्यांनी स्वतः एक अपूर्णांक सोडवून पाहिला. टॅबमधून गोड आवाज आला, "छान! हे उत्तर तुम्ही कसं काढलं?" जाऊबाई घरी येऊन म्हणाल्या, "उलट मलाच विचारतं. शिष्ट आहे." असा अनुभव आम्हा सगळ्यांना होता, फक्त त्यांना तो नवीन होता.

त्या वर्गात सातवीतली एक मुलगी होती. सिल्लोडकडच्या धनगरवाड्यावर चारा-पाणी उरलं नाही, तेव्हा मेंढरं विकून तिचे आईवडील शहरात बांधकामावर आले होते. एक इमारत झाली की दुसरीवर, त्यामुळं शाळा सारखी तुटलेली. टॅबनं तिला सातवीतून सहावीत नेलं, मग पाचवीत, आणि थेट दुसरीत नेऊन बसवलं. वजाबाकी तिथं अडली होती, हे त्यानं अगदी बरोबर ओळखलं. पण दुसरीच्या पडद्यावर रंगीत फुगे असतात, हे वर्गानंही ओळखलं. मुलं हसली. दुसऱ्या दिवसापासून मुलगी आली नाही.

आठवडाभर वाट पाहून जाऊबाई माझ्या स्कूटीवर मागं बसल्या. साइटवर पत्र्याच्या शेडपुढं मुलगी धाकट्या भावाला घेऊन बसली होती. आई म्हणाली, "म्या लई सांगितलं बाई, ऐकतच नाय. शरम वाटती म्हणती."

मुलगी खाली मान घालून म्हणाली, "पोरं हसत्यात. माझ्याच टॅबवर फुगे येत्यात."

"आणि माझ्यावर आले तर?" जाऊबाईंनी विचारलं.

मुलगी पहिल्यांदा वर बघून हसली. "तुमच्यावर कशाला येत्यात? तुम्ही तर बाई हायेत."

"उद्या येऊन बघ."

मुलगी आली. जाऊबाई तिच्या शेजारी टॅब घेऊन बसल्या आणि सगळ्यांनाच येणाऱ्या पहिल्या चाचणीतल्या बावन्न वजा अडतीसचं उत्तर त्यांनी नव्याण्णव दिलं. मुद्दाम दिलं, असं त्यांनीच मला सांगितलं. त्या दिवशी घरी त्या जेवल्या नाहीत. एवढं करून उपयोग काही झाला नाही. "घाई झाली वाटतं, पुन्हा बघा," असं म्हणून टॅबनं तेच गणित परत दिलं होतं. वाटेल ते ठोकून दिलेलं त्याला कळत होतं. खाली जायचं तर नीट चुकायला हवं होतं, आणि ते जाऊबाईंना येत नव्हतं.

शेवटी त्यांनी मुलीलाच विचारलं, "याचं तुझं उत्तर सव्वीस कसं आलं होतं?"

"मोठ्यातनं ल्हान काढायचं की. पाचातनं तीन गेलं, दोन. आठातनं दोन गेलं, सहा. सव्वीस."

असल्या सव्वीसवर त्यांनी जन्मभर लाल फुली मारली होती. ते कुठून येतं हे कुणा मुलाला विचारलं नव्हतं. मग त्यांनी मोठ्यातून लहान काढायला सुरुवात केली. टॅब त्यांना एकेक इयत्ता खाली आणत गेला आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्या पडद्यावर फुगे आले. अख्खा वर्ग भोवती जमला. "काय झालं?" जाऊबाई म्हणाल्या, "फुगे बघितले नाहीत का कधी?" कुणी हसलं नाही. मुलगी मात्र ओढणी तोंडावर धरून हसत होती.

टॅब दहा-दहा काड्यांचे गठ्ठे दाखवायचा आणि विचारायचा, "दोनातून आठ जात नाहीत. आता काय करूया?" मुलगी दोन दिवस त्या गठ्ठ्यांकडं नुसती बघत राहिली. मग जाऊबाईंच्या कोपराला धरून म्हणाली, "बाई, कडब्याची पेंढी सोडत्यात तसं व्हय? पेंढी सोडायची, मंग सुट्या बारा झाल्या. बारातनं आठ गेलं!" उरलेल्या चार पेंढ्यांतल्या तीन तिनं पाठोपाठ काढून दिल्या. पडद्यावर चौदा आले, तेव्हा तिच्यापेक्षा मोठ्यानं जाऊबाई ओरडल्या. शेजारच्या वर्गातून शिक्षक बघायला आले.

मग दोघी बरोबरीनं वर चढू लागल्या. मुलगी पुढं गेली तर जाऊबाई पटकन बरोबर उत्तरं द्यायच्या, ती अडली तर मन घट्ट करून चुकायच्या. चुकणं त्यांना आता चांगलं जमायला लागलं होतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी दोघी पाचवीत पोहोचल्या होत्या.

आणि ती इमारत पूर्ण झाली. एका सोमवारी मुलगी आली नाही, म्हणून आम्ही साइटवर गेलो. शेड उतरवलेली होती. "वो लोग तो गए, दूसरे काम पे," वॉचमन म्हणाला. कुठं, हे त्याला माहीत नव्हतं. फोन लावला तर लागत नव्हता.

परवा मी शाळेत डबा द्यायला गेले होते. जाऊबाई त्यांच्या नेहमीच्या बाकावर होत्या, शेजारची जागा त्यांनी कुणाला दिली नव्हती. त्यांच्या टॅबवर पाचवीतलं शेवटचं गणित सुटलेलं होतं, आणि तो गोड आवाज विचारत होता, "आता सहावीत जायचं?"

जाऊबाईंनी 'नंतर' वर बोट ठेवलं.

"थांबू दे जरा," त्या मला म्हणाल्या. "ती आली की दोघी बरोबरच जाऊ."