कॉम्प्युटरचे रंग उडाले म्हणे

ये माय, अशी जवळ सरक. दूर बसून नुसतं "हो आई, हो आई" करणाऱ्यांना मी चांगली ओळखून आहे. फोनवर तू अर्धं ऐकतेस, अर्ध्यात तुला कोणीतरी हाक मारतं आणि मग म्हणतेस, "रविवारी बोलू." रविवारी पुन्हा तेच, "बाबा काय करतात?" मी म्हणते, "बसले आहेत." तू म्हणतेस, "चांगलं आहे, आराम करू दे." काय चांगलं आहे ते आज सगळं सांगते. म्हणून हे पत्र लिहायला बसले. मध्ये बोलू नको, आणि हसू तर मुळीच नको, कारण हे सगळं तुझ्या त्या डब्यापासून सुरू झालं.

पुण्याला नोकरी लागली आणि तू तुझा जुना कॉम्प्युटर आमच्या गळ्यात टाकून गेलीस. "नको असला तर विकून टाक," म्हणालीस. या गावात कोण घेणार? मी त्यावर धुतलेली चादर टाकली आणि तो कोपऱ्यात पाहुण्यासारखा बसून राहिला. तुझे बाबा तेव्हा नुकतेच गुरांच्या दवाखान्यातून निवृत्त झाले होते. कंपाउंडर म्हणून सारी उमर सायकलवर गेलेली. मारक्या बैलाचं शिंग धरून इंजेक्शन देणारा माणूस, घरी कुठला बसतो? पहिल्या पहिल्यानं लोकही यायचे. "कंपाउंडर भाऊ, चाला जी, गाय उठून नाई राह्यली." हे चप्पल घालून निघायचे. मग हळूहळू जाणं कमी झालं. विचारलं तर म्हणाले, "आता नवा डॉक्टर हाय न तिथी. मी काऊन मध्ये मध्ये करू?" सायकल भिंतीला टेकली ती टेकलीच.

दिवाळीला तू आलीस. बाबांचं मन रमत नाही म्हणून त्यांना दोन खेळ दाखवलेस आणि मजेत निघून गेलीस. पुढचं मी भोगलं.

एक खेळ मण्यांचा. पडदाभर रंगीत मणी, शेजारच्या दोघांची जागा बदलायची, एका रंगाचे तीन एका ओळीत आले की ते टुणकन फुटतात आणि वरून नवे पडतात. संपत काही नाही. दुसरा खेळ शोधाशोधीचा. कोण्या गोऱ्या साहेबाच्या घराचं चित्र, त्यात घागरीपासून घड्याळापर्यंत जगातला सगळा पसारा, आणि खाली इंग्रजीत नावं. त्या वस्तू त्या पसाऱ्यात शोधायच्या. इतका पसारा माझ्या घरात असता तर याच माणसानं मला घरात राहू दिलं नसतं. तिथं मात्र नाक लावून बसायचे. औषधांच्या बाटल्या वाचून वाचून इंग्रजी येत होतं, तेवढ्यावर चालायचं. अडलं की मला हाक. जशी मी मोठी बॅरिस्टर.

एकदा मी तांदूळ निवडत बसले होते. आतून आवाज आला, "ऐकतेस का वो, कैची दिसून राह्यली का कुठी?" मी सूप खाली ठेवलं, शिलाई मशीनच्या खणातून कैची काढली आणि नेऊन दिली.

"ही नाई वो. इथली," ते पडद्यावर बोट ठेवून म्हणाले.

"इथल्या कैचीनं काय कापता?"

"कापाची नाई. फक्त दिसली पायजे."

आता सांग, डोकं फिरेल की नाही? या माणसाला लग्न झाल्यापासून स्वतःचा खांद्यावरचा दुपट्टा कधी सापडला नाही. दांडीवर डोळ्यांसमोर लटकत असतो आणि हे न्हाणीतून ओरडतात, "दुपट्टा कुठी हाय?" बनियान मी काढून द्यायची, तंबाखूची डबी मी शोधायची, आणि हे परक्या बाईच्या खोलीत तिची केसातली पिन शोधत बसलेले.

दिवाळीनंतर आपल्या गावच्या मंडईची जत्रा आली. घर पाहुण्यांनी भरलं. तुझ्या दोन्ही आत्या, त्यांची लेकरं, मोठे काका. चुलीवरचे वडे काढता काढता माझे हात भाजले आणि घरचा मालक मणी फोडत बसलेला. काकांना तरी समज असावी की नाही? ते खुर्ची ओढून शेजारी बसले आणि सांगायला लागले, "तो हिरवा खाली घे न गा. अरे तो नाई, त्याच्या बाजूचा." दोन म्हातारे, दोन पेले चहा, आणि पुन्हा दोन पेले चहा. नाटकाची वेळ झाली. तुला माहीत आहे, वडशाची मंडळी आपल्या गावात नाटक करायला आली की बाबा दुपारीच सतरंजी अंथरून पुढची जागा धरायचे. या वेळी म्हणाले, "तुम्ही जा. नाटकात आता पयल्यासारखा दम नाई." पाहुणे गेले आणि यजमान घरात. तुझी मोठी आत्या मला म्हणाली, "वयनी, भावानं त डब्ब्यासोबतच दुसरा संसार मांडला." मी हसले, पण मला इतकी लाज वाटली की विचारू नको.

उन्हाळाभर तेच. पावसाळ्यात रोवण्याचे दिवस आले, बाया शेतातल्या बांधीत वाकून उभ्या, भाताच्या रोपांचे परे संपत आलेले, आणि हे म्हणतात, "एवढा डाव होऊ दे." शेवटी परे मीच डोक्यावर नेले. बायांनी विचारलं, "भाऊ बिमार हायेत का?" मी म्हटलं, "हो, बिमारच हायेत." लाइट जायची तेव्हा माझा जीव शांत व्हायचा. साऱ्या गावात लोडशेडिंगची वाट पाहणारी मी एकटीच बाई असेन. पण त्यातही वैताग होताच. लाइट गेली की डाव जायचा आणि हे माझ्याकडं असे पाहायचे, जशी वायर मीच ओढली.

पोळा झाला आणि नवीन तक्रार सुरू झाली. "याचे रंग उडून राह्यले."

"कोणाचे?"

"कॉम्प्युटरचे. निळा मणी न जांभळा मणी एकच दिसतात. काच मळली असन."

मी ओल्या फडक्यानं काच पुसली. नाही म्हणाले. कोरड्या फडक्यानं पुसली. तरी नाही. तेव्हा स्वतः उठून चुलीतली राख घेऊन आले. कंदिलाची काच आपण कशी घासतो, चिमूटभर राख, ओली चिंधी, गोल गोल, तशी त्यांनी तुझ्या कॉम्प्युटरची काच घासली. मी म्हटलं, "अजी, तो कंदील नाई होय." म्हणाले, "काच ते काच." घासून झाल्यावर पाहते तर काचेवर बारीक ओरखडे आणि फटीत राख. आता त्यांना खरोखरच कमी दिसायला लागलं आणि तो दोषही राखेवर गेला. राख म्हणे चाळून घ्यायला हवी होती.

मग यांनी तो डबा जुन्या लुगड्यात बांधून, मांडीवर धरून यष्टीनं गडचिरोलीला नेला. तिथल्या दुकानदारानं तो लावून पाहिला. काचेवर काय लावलं विचारलं, तर यांनी म्हणे रस्त्याकडं तोंड फिरवलं. रंगाबद्दल म्हणाला, "काका, रंग तर मस्त आहेत. एकदा डोळे दाखवून घ्या." घरी आले ते त्या दुकानदाराला शिव्या देतच. "त्याले काई समजत नाई. काम येत नाई न लोकाईचे डोळे काढते."

दुपारी हे झोपले तेव्हा चष्मा लावून मी स्वतः पडद्यासमोर बसले. ओरखडे सोडले तर सगळे रंग जिथल्या तिथं. निळा निळा होता, जांभळा जांभळा होता. मला उठवेना.

बाबा दवाखान्यातून आले की काय काय सांगत बसायचे, तुला आठवत असेल. गुराचा डोळा गेला का हे कसं पाहायचं, तेही त्यांनीच कधी सांगितलं होतं. जनावराला काही विचारता येत नाही. मग बाजूनं उभं राहून हात हळूच त्याच्या डोळ्याकडं न्यायचा. वारा लागू द्यायचा नाही, वाऱ्यानंही ते पापणी मिटतं. नुसता हात पाहून पापणी मिटली तर डोळा शाबूत.

दुसऱ्या दिवशी हे खेळत बसले होते. मी चहा ठेवायच्या निमित्तानं उजवीकडून गेले आणि हात हळूच वर नेला. लगेच डोळा मिटला आणि माझ्यावर खेकसले, "काय करून राह्यली वो?" मी म्हटलं, "माशी होती." मग मागून फिरून डाव्या बाजूला आले. तसाच हात नेला. अगदी पापणीजवळ नेला. काही नाही. ते मणी हलवत राहिले आणि माझा हात तिथंच राहिला.

मी खाली बसले. म्हटलं, "डाव्या डोळ्यानं काईच दिसत नाई तुमाले."

त्यांनी माउस सोडला. आधी म्हणाले, "दिसते." मग म्हणाले, "उजेड दिसते." शेवटी म्हणाले, "सायकलवरून पडलो होतो. नाल्याच्या पुलावर. तवापासून कोणाकडं जात नाई. गाईले सुई टोचाची न दिसते अर्धी गाय." नाटकाचंही तेच. पुढं बसलं तरी तोंडं ओळखू येत नव्हती, आणि काकांसमोर ते कळायला नको होतं. आणि या खेळात काय होतं म्हणून विचारलं तर म्हणाले, "रोज पाहून राह्यलो, किती उरलं ते. पिन सापडली का समजते, अजून हाय."

मला राग आवरेना. तू म्हणशील, आई, तिथं तरी रागवायचं नव्हतं. पण वर्षभर ज्याच्याशी भांडले तो माणूस घरात बसून एकटाच आपल्या डोळ्यांची परीक्षा घेत होता आणि मला चहा मागत होता. सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? मी म्हटलं, "सगळ्या गावच्या बैलांचे डोळे धुतले, न आपल्या डोळ्याले डॉक्टर दाखवाले भीती?"

"भीती नाई. मोतीबिंदू असन. थंडीत काढू."

हे थंडीचं तुला माहीतच आहे. डोळ्याचं ऑपरेशन थंडीतच करायचं, घाम नाही, जखम चिघळत नाही, असं इथं सगळेच म्हणतात. आणि थंडी आली की धान कापणं, खळ्यावर चुरणं, मंडई, पाहुणे, गावोगावची नाटकं. तुझ्या मोठ्या काकांचा एक डोळा असाच एकेका थंडीवर ढकलत गेला. कामातून उठायला मोकळीक मिळाली तोवर डोळ्यात काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. हे यांनी पाहिलेलं आहे, तरी तेच.

मी ऐकलं नाही. यष्टीत घातलं आणि गडचिरोलीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर बाई तुझ्याच वयाची. तिनं बत्ती लावून पाहिलं आणि सरळ सांगितलं, डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला आहे, थंडीची वाट पाहायची नाही, आतला दाब वाढला तर मग डोळा हातातून जाईल. उजव्यातही सुरू झाला आहे. धान कापणीच्या आधीच ये म्हणाली, आणि तारीखही दिली. मी तोंडावर हो म्हटलं. हे छताकडं पाहत बसले.

घरी आल्यापासून रोज नवं कारण. म्हशीचे दिवस भरत आले. कापणीची माणसं ठरवायची आहेत. पट्टी बांधून बसलो तर लोक काय म्हणतील. एकदा तर म्हणाले, "एका डोळ्यानं खेळता येते." मी तो डबा उचलून घरामागच्या सांदवाडीत टाकणार होते, पण तो जड आहे.

काल मात्र जेवताना आपणहून बोलले. भात कालवता कालवता, खाली पाहून. "तिले बोलाव." मी विचारलं, कोणाला? "पोरीले. तू सोबत असली त मी दरवाज्यातूनच भांडून वापस येतो. तिच्यासमोर लाज वाटन, चुपचाप आत जाईन." इतकं बोलून पुन्हा जेवायला लागले. माझ्याशी भांडायचं आणि तुझ्यासमोर शहाणं व्हायचं, हे बरं आहे. पण मी तेही गिळलं. त्यांनी स्वतःच्या तोंडानं हो म्हटलं ते हेच पहिल्यांदा.

तेव्हा दिवाळीच्या सुट्टीचा हिशेब मला सांगू नको. दिवाळीची सुट्टी दिवाळीला घे, ही वेगळी माग, साहेबाला काय सांगायचं ते सांग. तारीख तुला फोनवर सांगते, आणि त्या फोनच्या वेळी तरी कोणाला हाक मारू देऊ नको. चार दिवस आधीच ये, म्हणजे यांना पळायला वाट उरणार नाही. यष्टीतून उतरलीस की थांब्यावरच उभी राहा, मी घ्यायला येते. लवकर ये माय, आता उशीर करू नको.