पाटलाच्या स्लॅबवर शिंपडलेलं गोमूत्र

लेकरांनो, तुमच्या या रिटायर बाईचं डोकं आज सकाळपासून तापलंय.

माझ्या माहेरी, वाटूरला गेल्ते. पाटलाच्या घरावरचा स्लॅब गावातला पहिला. पन्नास वर्षं टिकला म्हणून नातवानं कार्यक्रम ठेवलेला. माईकवर म्हणतो, "आमच्या आजोबांनी स्वतःच्या हातानं हा स्लॅब टाकला!"

स्लॅब भरला त्या दिवशी आजोबा खाटेवर बसून चहा पीत होते. घमेली वाहिली आमच्या बौद्धवाड्यातल्या बायांनी. त्यात माझी आई होती, अन् नुकतीच मॅट्रिक झालेली मी.

स्लॅबचं काम मधी थांबवता येत न्हाई. दिवस मावळेपर्यंत आमची रांग चालू होती. देवघराच्या बराबर वर उभ्या राहून आम्ही काँक्रीट ओतलं. तेव्हा कोणाला विटाळ झाला न्हाई.

दुसऱ्या दिवशी विसरलेलं घमेलं आणायला आई अन् मी गेलो, तर पाटलीणबाई स्लॅबवर गोमूत्र शिंपडत होत्या. वरूनच ओरडल्या, "वर येऊ नका गं, आत्ताच शुद्ध केलंय!"

आज कार्यक्रम संपल्यावर नातवाला हे सगळं सांगितलं. तो हसून म्हणाला, "जाऊ द्या ना बाई, जुनं कशाला उकरता?"

मी म्हटलं, "मंग तूच उकर. तुझ्या आजीनं गोमूत्र वरून शिंपडलं. आमचा हात लागला न्हाई असं मूठभर काँक्रीट आतून निघालं, तर मला आणून दाखव."

तुमच्या गावातला पहिला स्लॅब कोणी भरला, हे आज घरी विचारा. अन् नंतर त्यावर काय शिंपडलं, तेही विचारा.