केतकी सांगलीतच होती

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता, आजही नाही. तरी लिहितेय, कारण घरातले सगळे मलाच वेड्यात काढतात!

माझा जन्म कोलकात्याचाच. शहराजवळच बजबजला माझं ज्यूटच्या पिशव्यांचं युनिट आहे, शिवायला दहा-बारा बायका. गेल्या वर्षी ऑर्डर्स इतक्या आटल्या की टाळं लावायची वेळ आली. मग लीड जनरेशनसाठी, म्हणजे नवी गिऱ्हाइकं शोधायला, सांगलीची केतकी ठेवली... रिमोट. तिची आई अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे घर सोडणं अशक्य. "सांगलीत बसून ही इथे पिशव्या विकणार?" म्हणत आमचे हे खो खो हसले.

पण पोरगी हुशार! जाहिराती, ईमेल... बघता बघता चौकश्या सुरू झाल्या. कोलकात्यातल्या एस्प्लनेडच्या एका दुकानात मी ऑर्डर पक्की करायला गेले, तर मालक दत्तबाबू म्हणाले, "दिदी, तुमची मुलगी परवा सँपल देऊन गेली. चहा प्यायली, बंगाली किती गोड बोलते!"

कोण मुलगी? मी तर कुणालाच पाठवलं नव्हतं. पण टेबलावरची पिशवी आमचीच होती. मी तिथूनच केतकीला व्हिडिओ कॉल लावला. ती आईला पेज भरवत होती. दत्तबाबू स्क्रीन बघून खूश — "हीच तर!"

केतकीला बंगालीतलं ओ की ठो कळत नाही.

खिदिरपूरच्या गिऱ्हाइकानेही तिचा फोटो बघून हेच सांगितलं. मग ह्यांनी फर्मान काढलं, "आजच्या आज काढ तिला. नसती ब्याद!" तेवढ्यात केतकीचाच रडत फोन. "काकू, मी राजीनामा देते. पण आईशप्पथ, मी घराबाहेर पडले नाही हो."

मी उसळलेच. "खबरदार! चोरी केलीयस का? तुझ्या कामावर इतक्या बायकांच्या चुली पेटतात. ज्यांना घाबरायचंय त्यांनी खुशाल घाबरावं!"

ती हळूच म्हणाली, "काकू, मला तर कोपऱ्यावरही जाता येत नाही... निदान तिने तरी कोलकाता पाहिलं. दत्तबाबूंना विचाराल, ती खूश होती का?"

विचारलं. म्हणाले, "खूप हसत होती. निघायलाच तयार नव्हती."

केतकीला हे जसंच्या तसं सांगितलं. स्पष्टीकरण आजही माझ्याकडे नाही — आणि ते नाही म्हणून मी तिला मुळीच काढणार नाही!